पाचवी नदी

वांद्र्याला रिक्षा संपते. मुंबईकराला यात काही नवल वाटत नाही, पण सांगली-कोल्हापूरकडून आलेला पाहुणा हमखास विचारतो, "हा पुढे का येत नाही?" रिक्षावाला माहीमच्या दिशेने हात करतो आणि "इथून पुढे टॅक्सी" एवढंच सांगतो. कायद्याच्या भाषेत ही परवान्याची हद्द आहे: रिक्षा उपनगरांत चालतात, शहरात नाही. पण ती हद्द कुठे आखली आहे ते बघा. तिथे माहीमची खाडी आहे. मुंबईचं बेट तिथे संपायचं आणि पलीकडे साष्टीचं बेट सुरू व्हायचं. खाडीवर पूल झाले, रेल्वे आली, 2009 साली बाजूने सी लिंक गेला, तरी रिक्षाचं चाक अजून त्या जुन्या किनाऱ्यापाशीच थांबतं. पाण्याने आखलेली रेघ माणसं इतक्या सहजासहजी पुसू शकत नाहीत, याचा हा माझ्या ओळखीतला सगळ्यात साधा पुरावा.

या खाडीवर पूल नव्हता तेव्हा लोक तरींनी पलीकडे जात. पावसाळ्यात होड्या उलटत, माणसं बुडत. 1840 च्या दशकात इथे पहिला पक्का सेतू झाला तो सरकारी तिजोरीतून नव्हे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी त्यासाठी दीड लाखाहून जास्त रुपये दिले आणि अट घातली की या वाटेवर कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. माहीममधून खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला लेडी जमशेटजी रोड म्हणतात तो याच बाईंच्या नावाने. त्या काळचे दीड लाख रुपये म्हणजे केवढे, हे क्षणभर मनात आणा. एका बाईने ते अनोळखी माणसांच्या पायांखाली अंथरले.

खाडी ओलांडली की वेस्टर्न एक्सप्रेस हायवे सुरू होतो. पाट्यांवर पश्चिम द्रुतगती मार्ग, बोलण्यात नुसता हायवे. "हायवेला उतर", "हायवेने जाऊया का?" असं. दहिसरच्या चेक नाक्यापर्यंत सुमारे 25 किलोमीटर. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग 8 चा मुंबईतला तुकडा होता. नाक्याच्या पुढे तोच रस्ता अहमदाबादकडे जातो. या रस्त्यावर मी आयुष्यातले किती तास बसून काढले असतील याचा हिशेब करता येणार नाही. पण रस्ता खरा दिसला तो वरून. 2022 च्या एप्रिलमध्ये दहिसर ते आरे मेट्रो सुरू झाली. ही मेट्रो हायवेच्या डोक्यावरूनच धावते. दिंडोशीच्या फलाटावर मी उभी होते. पाऊस नुकताच थांबला होता. पूर्वेला हिरवेगार डोंगर होते, अगदी हाताशी. पश्चिमेला इमारतींची दाटी, तिच्या पलीकडे खाडीवर साचलेलं पांढुरकं धुकं. आणि या दोहोंच्या मधून, डोंगराची पायरी धरून, हा रस्ता सरळ उत्तरेला निघालेला. मला तेव्हा कळलं की हा रस्ता मुळात डोंगराच्या पायथ्याची वाट आहे. एकदा हे दिसलं की मग त्याच्या सगळ्या खोडी समजू लागतात.

साष्टीचा आकार डोळ्यांसमोर आणा. मधोमध डोंगरांचा कणा, सर्वांत उंच माथा साडेचारशे मीटरच्या वर. त्याच्यावर आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे 104 चौरस किलोमीटरचं. कण्याच्या पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये पश्चिमेकडे जी अरुंद पट्टी उरते तिच्यात वांद्र्यापासून दहिसरपर्यंतची सगळी उपनगरं बसली आहेत. पट्टी लांबच लांब आणि रुंदीला थोडी. त्यामुळे इथल्या मोठ्या वाटा सगळ्या उभ्या, दक्षिण-उत्तर. डोंगराकडून समुद्राकडे चालत निघालात तर एकामागून एक चार लागतात: आधी हायवे, मग रेल्वे, मग एस. व्ही. रोड, मग लिंक रोड.

यातला सगळ्यात जुना एस. व्ही. रोड. त्याचं आधीचं नाव घोडबंदर रोड. तो गावठाणांना शिवत, वळत-वाकत जातो, कारण गावं आधी होती आणि रस्ता त्यांच्यासाठी झाला. 1860 च्या दशकात त्याच्या शेजारून रेल्वे आली. लिंक रोड सगळ्यात शेवटचा, खाडीच्या चिखलाला आणि खारफुटीला लागून गेलेला. हायवे मात्र स्वातंत्र्यानंतर पूर्वेच्या बाजूला आखला गेला, जिथे जमीन कातळाची आणि वस्ती विरळ होती. म्हणून तो सरळ आहे आणि रुंद आहे. आडव्या वाटा मात्र मोजक्या, कारण पूर्वेला डोंगर आडवा येतो आणि मध्ये रेल्वे. मुंबईत पत्ता सांगताना "ईस्ट की वेस्ट?" हा प्रश्न आधी येतो तो यामुळे. गोरेगावात राहणाऱ्याला दादरला जाणं सोपं वाटतं आणि रुळांपलीकडच्या गोरेगावात जाणं जिवावर येतं.

आता पावसाच्या नजरेने बघा. डोंगरावर पडलेल्या पाण्याला समुद्र गाठायचा आहे आणि त्याची वाट आडवी आहे, पूर्वेकडून पश्चिमेकडे. म्हणजे त्याला या चारही वाटा ओलांडाव्या लागतात. शेतातल्या पाण्यापुढे एकामागून एक चार बांध घातले तर काय होईल, तेच इथे होतं. प्रत्येक बांधाला कुठेतरी मोरी ठेवलेली असते, पुलाखाली जागा ठेवलेली असते, आणि पाण्याला नेमकी तीच शोधून काढावी लागते. अंधेरीचा सबवे, मिलन सबवे, मालाडचा सबवे पावसाळ्यात का भरतात, याचं अर्धं उत्तर या बांधांत आहे. उरलेलं अर्धं समुद्राकडे. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी चढलेलं असतं आणि वरून येणाऱ्या पाण्याला खाली उतरायला जागाच नसते.

हे पाणी चार नद्यांनी येतं. होय, नद्यांनी. आपण त्यांना नाले म्हणतो, पण डोंगरात त्यांचा उगम बघितलेल्या माणसाला तो शब्द उच्चारवत नाही. सगळ्यात दक्षिणेला मिठी: विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांतून निघते, विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते आणि माहीमच्या खाडीला मिळते, तिथेच जिथे आपली रिक्षा थांबली होती. मग ओशिवरा, आरे कॉलनीच्या टेकड्यांतून येणारी. मग पोईसर, राष्ट्रीय उद्यानातून उतरून कांदिवलीत हायवेखालून जाणारी. आणि उत्तरेला दहिसर, तुळशी तलावाच्या बाजूने निघून बोरिवली-दहिसरमधून मनोरीच्या खाडीकडे जाणारी. विहार आणि तुळशी हे तलावही एकोणिसाव्या शतकात मुंबईला पाणी पाजण्यासाठी बांधलेले आहेत. शहर ज्या डोंगराचं पाणी पितं त्याच डोंगराच्या पुराला घाबरतं.

26 जुलै 2005 ला हे सगळं एका दिवसात उघड झालं. सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला. ही वेधशाळा विमानतळाच्या परिसरात, हायवेपासून फार लांब नाही. आकडा मोठा आहे एवढंच आपल्याला कळतं, म्हणून तो घरी आणून बघा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशा फरशीवर 944 लिटर, म्हणजे जवळजवळ एक टन पाणी. गच्चीच्या, अंगणाच्या, रस्त्याच्या, डोंगराच्या प्रत्येक फरशीवर एकेक टन. आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला 75 मिलिमीटरसुद्धा पाऊस नव्हता. एकच शहर, एका टोकाला सरी आणि दुसऱ्या टोकाला प्रलय. त्या रात्री बस आणि मोटारी सोडून हजारो माणसं याच हायवेने चालत घरी गेली, आणि वाटेत अनोळखी घरांनी त्यांना चहा-बिस्किटं दिली, आत घेतलं. मिठी ही नदी आहे हे कित्येक मुंबईकरांना त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

पण मला सांगायचंय ते पाचव्या नदीबद्दल. ती दक्षिण-उत्तर वाहते, सकाळी एका दिशेने तुंबते आणि संध्याकाळी उलट्या.

वाहतुकीला प्रवाह म्हणणं हे मी काही कवितेसाठी करत नाही. 1955 साली जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिटम या दोन इंग्रज गणितज्ञांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक जोडनिबंध प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या भागाचा विषय होता लांब नद्यांमधून पूर कसा सरकतो. दुसऱ्या भागाचा विषय, गर्दीच्या लांब रस्त्यांवरून वाहनं कशी सरकतात. गणित एकच. नदीत पाण्याची उंची मोजायची, रस्त्यावर किलोमीटरमागे गाड्यांची संख्या मोजायची. पाणी नाहीसं होत नाही, गाडीही नाहीशी होत नाही. जेवढं आत आलं तेवढं बाहेर जायला हवं, नाहीतर मध्ये साठणार. एवढ्या साध्या हिशेबातून लाटा निघतात. मिठीच्या पुराचा आणि हायवेच्या कोंडीचा शोध एकाच जोडनिबंधात लागावा, हे वाचलं त्या दिवशी मला झोप लागली नाही.

फरक एवढाच की नदीतली पुराची लाट पाण्याच्या पुढे धावते आणि रस्त्यावरची लाट मागे येते. म्हणजे असं: गोरेगावाजवळ एखाद्याने जरा ब्रेक दाबला. मागच्याला कळायला क्षणभर वेळ लागला, म्हणून त्याने जरा जास्त दाबला. त्याच्या मागच्याने आणखी जास्त. गाड्या विरळ असतील तर हा धक्का जिरून जातो. दाट असतील तर वाढत जातो, आणि शे-दोनशे गाड्यांनंतर कुणीतरी पूर्ण थांबतो. पुढचे निघून गेलेले असतात, पण थांबण्याची जागा मागे मागे सरकत राहते. तुम्ही तिच्यात अडकता, मिनिटं मोजता, सुटता, आणि पुढे बघता तर काहीच नसतं. ना अपघात, ना खड्डा, ना मिरवणूक. "मग थांबलो कशाला होतो?" हा प्रश्न प्रत्येकाने या रस्त्यावर विचारला असेल. कारण जिथे घडलं ती जागा केव्हाच मागे टाकून कारणाची लाट तुमच्यापर्यंत आली होती.

जपानी भौतिकशास्त्रज्ञ युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष करून दाखवलं. 230 मीटर घेराचं एक वर्तुळ आखलं, त्यावर 22 गाड्या सोडल्या आणि चालकांना सांगितलं की एकसारख्या वेगाने चालवा. सिग्नल नाही, वळण नाही, चढ नाही. थोड्या वेळात कोंडी तयार झाली आणि ती ताशी सुमारे 20 किलोमीटर वेगाने उलट दिशेला फिरू लागली. 2008 साली हा निबंध आला. त्याची चित्रफीत मी कितीतरी वेळा पाहिली आहे. यात कुणाचीच चूक नाही. माणसाला समोरचं बघून पाय हलवायला जो अर्धा-एक सेकंद लागतो, कोंडी त्या सेकंदात राहते.

आपल्याकडे गाड्यांच्या मधल्या फटींत दुचाकी शिरतात, दुचाकींच्या मधल्या फटींत चालणारी माणसं. डब्यात खडे भरले, वर वाळू ओतली, तसा हा रस्ता भरतो. हे मोजायचं कसं? भारतीय रस्ते-अभियंते सगळं मोटारीच्या मापात आणतात: दुचाकी म्हणजे साधारण अर्धी मोटार, बस म्हणजे दोन-तीन मोटारी. मग हिशेब जुळतो. आणि तो जुळला की एक कठोर गोष्ट समोर येते. दोन गाड्यांमध्ये दोन सेकंदांचं अंतर सुरक्षित धरलं तर एका मार्गिकेतून तासाला 1800 गाड्या जातील. अंतर कमी केलं तर दोन हजार किंवा थोड्या जास्त. त्याहून फार जास्त कुणालाही, कुठल्याही देशात, नेता येत नाहीत. प्रत्येक मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर तासाला जेमतेम तीन हजार माणसं. याच हायवेला समांतर, एक-दीड किलोमीटरवर, गर्दीच्या वेळची बारा डब्यांची एक लोकल चार-पाच हजार माणसं घेऊन जाते. एका तासाची अख्खी मार्गिका त्या एका गाडीपुढे कमी पडते, आणि पुढची लोकल काही मिनिटांत येते. म्हणून रस्ता रुंद करून कोंडी मिटेल असं मला वाटत नाही, आणि कुणी तसं म्हटलं की मी विरोध करते. एखादी मार्गिका फक्त बससाठी राखली तर या हायवेवरून कितीतरी जास्त माणसं जातील. हे मत म्हणून नव्हे, गुणाकार म्हणून सांगते आहे.

उड्डाणपुलांचंही असंच. 1996 साली राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झालं आणि मुंबईत पंचावन्न उड्डाणपुलांची योजना आली. हायवेवरचे सिग्नल एकेक करून पुलांखाली गेले. तो दिलासा खरा होता. मी तो अनुभवला आहे. पण नदीचं एक वळण सरळ केलं की पाणी पुढच्या वळणावर जास्त जोराने आदळतं. पूल संपतो तिथे कोंडी जाऊन बसली.

पुलांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती तुम्ही रोज ऐकता. बस उड्डाणपुलावर चढली की खालून ठरावीक अंतराने "धडक्-धडक्" आवाज येतो. काम वाईट झालंय असं वाटतं. पण त्या जागी मुद्दाम फट ठेवलेली असते. काँक्रीट उन्हाने वाढतं, गारव्याने आकसतं. 100 मीटर लांबीच्या काँक्रीटमध्ये 20 अंशांच्या फरकाने सुमारे दोन सेंटीमीटरचा फरक पडतो. ही जागा दिली नाही तर पूल स्वतःलाच फोडेल. म्हणून तो तुकड्यातुकड्यांत बांधतात, मध्ये सांधे ठेवतात, आणि खांबाच्या डोक्यावर रबर आणि पोलादाच्या थरांची गादी बसवतात, म्हणजे पुलाला हळूच सरकता येतं. मे महिन्याच्या दुपारी आणि जानेवारीच्या पहाटे तुम्ही एकाच पुलावरून जात असता, पण त्याची लांबी एक नसते.

आणि खड्डे? पाणी डांबराला खडीपासून सोडवतं हे खरं, पण ओझ्याचाही एक नियम आहे आणि तो अंगावर काटा आणणारा आहे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर दोन वर्षं ट्रक फिरवत ठेवले होते. त्यातून दिसलं की रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. म्हणजे भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. दहापट झाला तर दहा हजारपट. तुमची मोटार रस्त्याला जवळजवळ काहीच करत नाही. जादा भरलेला एकच डंपर हजारो मोटारींचं काम एका फेरीत करून जातो.

अंधेरीला या रस्त्याने तिसरी मितीही घेतली आहे. खाली अंधेरी-कुर्ला रोड, त्याच्यावर हायवेचा उड्डाणपूल, आणि त्याच्याही वर केबलांनी तोललेल्या पुलावरून जाणारी घाटकोपरची मेट्रो. तीन वाटा एकमेकींच्या डोक्यावरून जातात आणि कुणीच कुणाची वाट अडवत नाही. तिथून उत्तरेला निघालात की स्थानकांची नावं ऐका. मोगरा, दिंडोशी, कुरार, आकुर्ली, पोईसर, मगाठाणे, देवीपाडा, ओवरीपाडा. मेट्रोतल्या निवेदिकेच्या आवाजात ही नावं ऐकली की मला फार आनंद होतो. पोईसर ही नदी. पाडा म्हणजे डोंगरालगतची आदिवासी वस्ती. टॉवरांना काहीही नावं द्या, पण स्थानकांनी जुन्या पाड्यांना पुन्हा उच्चारात आणलं.

मगाठाण्याचं नाव तर फारच जुनं असावं. कान्हेरीच्या एका शिलालेखात बौद्ध संघाला दिलेल्या जमिनीचा उल्लेख येतो आणि ते गाव म्हणजे आजचं मगाठाणे असावं असं अभ्यासक मानतात. तिथेही लेणी होती. आज ती वस्तीच्या पोटात दडली आहेत. कान्हेरी हायवेपासून काही किलोमीटर आत डोंगरात. शंभरावर लेणी, सुमारे हजार वर्षांच्या काळात खोदलेली. त्यांना दान देणारे कल्याण, सोपारा, नाशिकचे लोक होते, म्हणजे तेव्हाही या पायथ्याने व्यापारी ये-जा करत असणार. मला तिथे सगळ्यात मोहवतात त्या पाण्याच्या टाक्या. शिलालेखांत त्यांना "पोढी" म्हटलंय. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी एक पोढी, आणि कातळात कोरलेल्या पन्हळींनी पावसाचं पाणी थेट तिच्यात आणलेलं. आपण ज्या पाण्याला घाई करून समुद्रात ढकलतो त्याला भिक्षूंनी डोंगरावरच थांबवलं होतं. जोगेश्वरीचं सहाव्या शतकातलं लेणं तर हायवेपासून हाकेच्या अंतरावर आहे. सिग्नलला थांबलेल्या किती जणांना ते ठाऊक असेल?

या रस्त्याचा दुसरा काठ म्हणजे जंगल, आणि त्यात बिबटे आहेत. कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत चाळीसहून अधिक बिबटे आढळले आहेत. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात, इतक्या कमी जागेत, हे प्राणी जगतात. त्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. पाड्यांवरचे वारली वाघोबाला पिढ्यान् पिढ्या पुजत आले आहेत आणि शेजार कसा निभवायचा हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. नद्यांना पुलाखालून वाट तरी आहे. जंगलाच्या कडेचे रस्ते ओलांडताना बिबटे गाड्यांखाली मेले आहेत.

आजवर या डोंगराला सगळे वळसा घालत आले. व्यापारी, पोर्तुगीज, इंग्रज, रेल्वे, हायवे, सगळे. आता पहिल्यांदाच रस्ता डोंगराच्या आत शिरतो आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे 4.7 किलोमीटरचे दोन बोगदे आणि बोरिवलीत मगाठाण्यापासून ठाण्याच्या टिकुजिनीवाडीपर्यंत जाणारा सुमारे 11.8 किलोमीटरचा मार्ग, त्यातले दहा किलोमीटरहून जास्त बोगद्यातून. दोन्ही कामं सुरू आहेत. बोरिवलीहून ठाण्याला जायला घोडबंदरचा मोठा फेरा मारणाऱ्यांचा रोजचा वेळ यातून वाचेल, आणि तो वाचायला हवा. पण हा नुसता कातळ नाही. चारही नद्यांची घागर इथेच भरते. आत कुठे ओल लागते, बाहेर कुठला झरा आटतो, हे काम चालू असताना आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं मोजलं गेलं पाहिजे, आणि ते आकडे तुमच्या-माझ्यासमोर आले पाहिजेत.

दहिसरच्या नाक्यावर पूर्वी जकातीसाठी ट्रकांच्या रांगा लागत. 2017 साली जीएसटी आला आणि जकात गेली. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. अवाबाईंनी दक्षिणेच्या टोकाला घातलेली अट पावणेदोनशे वर्षांनी उत्तरेच्या टोकाला मोटारींपुरती तरी पोचली.

या रस्त्याने लहान मुलाला घेऊन जाल तेव्हा एक करा. खिडकीची बाजू त्याला द्या, पूर्वेची. पुलाच्या कठड्यापलीकडे पाणी दिसलं की त्याला नाला म्हणू नका, नाव घेऊन सांगा. दक्षिणेकडून उत्तरेकडे ती चार नावं अशी आहेत: मिठी, ओशिवरा, पोईसर, दहिसर.